आधी दगड ओळखा, मग हत्यार

वैशाखात प्रवरेचे पाणी आटले की नेवाशाच्या आसपास पात्राच्या कडेने गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. बहुतेक गोटे काळे नाहीतर तपकिरी. त्यांतच एखादा विटकरी-लाल तुकडा उन्हात चमकतो. वाकून पाहिले तर जेमतेम चार सेंटिमीटर लांब. एका टोकाला जाड, दुसरीकडे निमुळता. खालची बाजू गुळगुळीत आहे. जाड टोकाशी एक छोटा फुगवटा आहे आणि तिथून पाण्यात खडा पडल्यावर उठाव्यात तशा हलक्या लाटा पसरत गेल्या आहेत. वरच्या बाजूला दोन-तीन खोलगट खुणा, आणि त्यांच्यामधून गेलेला कणा. कडेवरून अंगठा अलगद फिरवला तर धार अजून जाणवते. हा जास्परचा छिलका आहे, आणि तो माणसाने ठोका देऊन काढलेला आहे.

नेवासे आपल्याला ज्ञानदेवांच्या पैस खांबामुळे ठाऊक असते. अश्मयुगाच्या अभ्यासकांना ते दगडी हत्यारांमुळे ठाऊक आहे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून इथे उत्खनन केले आणि प्रवरेच्या थरांमधली हत्यारे क्रमाने मांडून दाखवली. चर्ट, जास्पर अशा दगडांच्या छिलक्यांवर केलेल्या मध्य पुराश्मयुगीन हत्यारांना पुढे ‘नेवासियन’ हे नावच मिळाले. जवळच्या चिरकी नाल्यावर गुद्रुन कॉर्विनस यांनी साठच्या दशकात खोदकाम केले आणि त्याहून जुन्या हातकुऱ्हाडी उजेडात आणल्या.

असे काही आपल्यालाही सापडेल का, असे अनेकजण विचारतात. सापडेल. महाराष्ट्रातल्या नद्यांचे काठ, डोंगरपायथे आणि जुन्या वस्त्यांची टेकाडे यांवर अश्मयुगाच्या खुणा आजही आहेत. पण त्यासाठी दोन गोष्टी शिकून घ्याव्या लागतात. पहिली, हत्याराआधी दगड ओळखायचा. दुसरी, दगडापेक्षा त्याची जागा मोलाची मानायची. या लेखातले बाकी सगळे या दोन गोष्टींपाशी येऊन थांबते.

कुठे पाहायचे, केव्हा पाहायचे

गोदावरी, प्रवरा, मुळा, घोड, कुकडी, भीमा, तापी या नद्यांनी आपल्या जुन्या गाळात थर राखून ठेवले आहेत. एखाद्या उंच दरडीसमोर उभे राहा आणि खालून वर पाहा. तळाला काळा कातळ. त्यावर चुनखडीने सिमेंटसारखा घट्ट झालेला गोट्यांचा थर. त्यावर पिवळसर-तपकिरी गाळ, त्यात कंकराच्या पांढुरक्या गुठळ्या आणि मध्येच गोट्यांचा आणखी एक पट्टा. सर्वांत वर काळी माती. मोठी, जुनी हत्यारे बहुधा खालच्या गोट्यांच्या थरात असतात. लहान छिलके मधल्या गोट्यांत मिळतात. सूक्ष्मास्त्रे, म्हणजे नखाएवढी पाती, वरच्या गाळाच्या माथ्यावर आणि माळरानावर विखुरलेली दिसतात.

शेतीच्या सुरुवातीच्या वस्त्या शोधायच्या तर शेतकऱ्याचा शब्द कानात ठेवा: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे जिथे कधीकाळी माणसे राहिली ती राखेरी, भुसभुशीत माती. नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडावर रंगवलेली खापरे आणि त्यांच्याबरोबर दगडी पाती दिसली, तर ती ताम्रपाषाणयुगाची वस्ती असू शकते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचे इनामगाव हे याचे उत्तम उदाहरण. तिथल्या लोकांना तांबे माहीत होते, पण तांबे दुर्मीळ होते, म्हणून रोजची कापाकापी दगडी पात्यांवरच चाले.

फिरायला दोन काळ चांगले. एक उन्हाळ्याचा शेवट, पात्र उघडे असते तेव्हा. दुसरा पावसाळा संपल्यावर, कारण पावसाने माळावरची माती धुऊन दगड स्वच्छ केलेले असतात. दिवसात सकाळी किंवा संध्याकाळी जा. तिरप्या उन्हात छिलक्यांच्या खुणांना सावली पडते आणि त्या ठळक होतात. माथ्यावरच्या उन्हात त्याच खुणा विरून जातात. शेतात शिरण्याआधी मालकाची परवानगी घ्या, पेरलेल्या रानात पाऊल टाकू नका. वाळू उपसलेल्या खड्ड्यांच्या कडांपासून आणि ओल्या दरडींपासून लांब राहा, त्या कधीही ढासळतात.

आपल्या मातीतले दगड

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. त्यामुळे इथल्या आदिमानवासमोर दोनच मोठी दुकाने होती: एक काळ्या दगडाचे, दुसरे गारगोट्यांचे.

बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड. ताजा फुटलेला बेसाल्ट काळा-करडा आणि बारीक कणांचा असतो. उघड्यावर राहिला की त्यावर तपकिरी साल धरते आणि पुढे त्याचा मुरूम होतो. हत्यारासाठी घट्ट बेसाल्ट लागे. पोकळ्यांनी भरलेला सच्छिद्र दगड हवा तसा फुटत नाही. हा फरक पाथरवटाला कानाने कळतो. चांगल्या दगडावर हातोडी पडली की खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या दगडावर बद्द. अश्मयुगातल्या कारागिरालाही आधी असाच कान तयार करावा लागला असणार.

डोलेराइट हा बेसाल्टचाच भाऊ. लाव्हा भेगांमध्ये थिजून त्याच्या भिंती तयार झाल्या. माळावर लांबच लांब, सरळ रेषेत उभी राहिलेली दगडांची ओळ दिसली तर ती अशी भिंत असू शकते. भिंगातून पाहिल्यावर यात बेसाल्टपेक्षा ठसठशीत कण दिसतात. हा दगड चिवट असतो, म्हणून मोठ्या हातकुऱ्हाडी आणि फरशीसारख्या रुंद धारेची हत्यारे यातून घडवलेली सापडतात.

दुसरे दुकान सिलिकाचे. लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांत आणि भेगांत सिलिकायुक्त पाणी झिरपले आणि तिथे गारगोटीचे नाना प्रकार जमले. यातले चार ओळखता आले तरी पुष्कळ:

कॅल्सेडनी मेणासारखी दिसते. रंग दुधी, निळसर किंवा पिवळट. पातळ कड सूर्यापुढे धरली तर प्रकाश आरपार येतो.

अकीक म्हणजे पट्टे असलेली कॅल्सेडनी. पट्टे पोकळीच्या आकाराप्रमाणे वळणे घेतात.

जास्पर अपारदर्शक असतो. लोहाच्या ऑक्साइडमुळे तो लाल, विटकरी किंवा पिवळा होतो.

चर्ट करडा, तपकिरी किंवा हिरवट असतो. त्याचा पोत घट्ट आणि मंद तकतकीचा. फारच पातळ कडेला किंचित प्रकाश जातो.

या चौघांतली सीमारेषा दरवेळी स्पष्ट नसते. एकाच तुकड्यात एका टोकाला कॅल्सेडनी आणि दुसऱ्याला जास्पर असू शकतो. अशा वेळी नोंदीत ‘कॅल्सेडनी-जास्पर’ लिहा. नावासाठी दगडावर जबरदस्ती नको.

गार, म्हणजे स्फटिकरूप क्वार्ट्झ, हीसुद्धा कठीण असते. पण तिच्यात अंतर्गत भेगा फार, त्यामुळे ती वेडीवाकडी फुटते आणि तिच्यावरच्या खुणा वाचणे अवघड जाते. सुरुवातीला गारेवर निर्णय देणे टाळा.

क्वार्ट्झाइट ट्रॅपच्या, म्हणजे या लाव्ह्याच्या खडकाच्या, मुलखात तयार होत नाही. तो पूर्व विदर्भात आणि दक्षिण कोकणाकडे, जिथे ट्रॅपखालचे जुने खडक उघडे पडतात तिथे भेटतो. फोडलेल्या पृष्ठभागावर वाळूचे कण साखरेसारखे चमकतात, पण हाताला दाणे सुटत नाहीत. ट्रॅपच्या मध्यभागी क्वार्ट्झाइटचा तुकडा दिसला तर थांबा. तो कुणीतरी आणलेला असू शकतो, अगदी अलीकडच्या एखाद्या ट्रकनेसुद्धा.

दगडाची परीक्षा

सिलिकाच्या दगडांची कठीणता मोहस् मोजपट्टीवर सातच्या आसपास असते, पोलादी चाकूची साडेपाचच्या जवळ. म्हणून चाकू घासला तर या दगडांवर ओरखडा उठत नाही. उलट चाकूच्याच धातूची करडी रेघ दगडावर उमटते. कॅल्साइटची कठीणता तीन, तो सहज कोरला जातो आणि त्याच्या भुकटीवर लिंबाचा रस टाकला की बारीक बुडबुडे येतात. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर विकायला ठेवलेले पांढरे, गुलाबी झिओलाइटचे स्फटिकही चाकूने कोरले जातात. अशा मऊ दगडातून धारदार हत्यार होत नाही.

पण एक नियम मोडू नका. ही परीक्षा हत्यार वाटणाऱ्या तुकड्यावर कधीच करायची नाही. शेजारी त्याच जातीचा साधा, न घडवलेला गोटा असतो, त्याच्यावर करायची. हत्याराच्या धारेवर लाखभर वर्षांपूर्वीच्या वापराच्या सूक्ष्म खुणा असू शकतात. आपल्या चाकूने त्या एका क्षणात पुसल्या जातील.

काळी, काचेसारखी चकाकणारी वस्तू मिळाली की अनेकांना ज्वालामुखीची काच सापडल्यासारखे वाटते. आपल्या नदीकाठावर ती बहुधा लोहकिट असते, म्हणजे लोखंड गाळताना निघालेला मळ, किंवा फुटलेल्या बाटलीचा झिजलेला तुकडा. आत गोल बुडबुडे दिसले तर अधिक सावध व्हा. मात्र लोहकिट सापडलेली जागाही नोंदवण्याजोगी असते, तिथे कधीतरी लोखंडाचे काम चालले असेल.

माणसाचा हात कसा ओळखायचा

बारीक कणांचा दगड ठोक्याने शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वळणदार फुटतो. त्यामुळे ठोक्याच्या खुणा दगडावर कायम राहतात. छिलका हातात आला की या क्रमाने पाहा:

१. ठोका जिथे बसला ती छोटी, सपाट जागा. तिला आघातपृष्ठ म्हणतात.
२. तिच्या लगेच खाली, गुळगुळीत बाजूवर, हलका फुगवटा. हा आघातकंद.
३. त्या कंदापासून बाहेर पसरत गेलेल्या लाटा.
४. पाठीमागच्या बाजूवर आधी काढलेल्या छिलक्यांच्या खोलगट खुणा आणि त्यांच्यामधले कणे.
५. कडेवर एकाच दिशेने, एकापाठोपाठ एक काढलेले बारीक छिलके. धार सुधारण्यासाठी किंवा बोथट करण्यासाठी केलेले हे अखेरचे काम.

यातली एकटी खूण पुरावा ठरत नाही. नदीत गोट्यावर गोटा आदळूनही एखादा छिलका सुटतो. माणसाचे काम क्रमाने कळते: तीच कृती, ठरावीक अंतराने, ठरावीक दिशेने, एक आकार साधण्यासाठी केलेली. हातकुऱ्हाडीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. दोन्ही बाजूंनी कडेकडून मध्याकडे छिलके काढलेले, एका टोकाला निमुळती, दुसऱ्याला तळहातात बसेल अशी जाड. गाभ्यावरही पाहा. ज्या दगडातून छिलके काढले तो गाभा मागे राहतो. इनामगावसारख्या ठिकाणी सापडणारे पन्हाळीदार गाभे, ज्यांच्यावर शेजारीशेजारी समांतर पाती सुटल्याच्या खुणा असतात, एकदा पाहिले की विसरत नाहीत.

दगड आणि हत्यार यांचे नाते काळानुसार बदलले. सुरुवातीच्या मोठ्या हत्यारांना मोठे ढेकूळ लागे, आणि ट्रॅपच्या मुलखात मोठे ढेकूळ बेसाल्ट-डोलेराइटचेच मिळते. पुढे हत्यारे लहान झाली, धार महत्त्वाची ठरली, आणि गारगोटीच्या मुठीएवढ्या गाठी पुरेशा होऊ लागल्या. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीच्या माणसांनी कॅल्सेडनी आणि जास्परची पाती वापरली. तिथेच शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीही सापडले. म्हणजे हत्याराच्या दगडावरून काळाचा पहिला अंदाज येतो, पण तो अंदाजच. जास्पर हवेपाण्याला फारशी दाद देत नाही, बेसाल्ट मात्र लवकर कुजतो. म्हणून ताजा दिसणारा जास्परचा छिलका अलीकडचा आणि झिजलेला बेसाल्टचा छिलका जुना, असे मानू नका.

फसवणाऱ्या गोष्टी

रस्त्याकडेची खडी पहिली. क्रशरमधून निघालेल्या बेसाल्टच्या तुकड्यांवरही कंद आणि लाटा असतात. नांगराचा फाळ आणि यंत्राचा दात गारगोटीवर बसला की कडेचे छिलके उडतात. अशा वेळी सालीकडे पाहा. जुन्या खुणांवर एकसारखी झीज आणि रंग असतो. नवी खूण आतला ताजा रंग दाखवते. सगळ्या खुणा ताज्या असतील तर तो तुकडा कालचा आहे.

धनगर आणि गुराखी पूर्वी चकमकीने विस्तव काढत. पोलादाची पट्टी गारगोटीवर झटकून कापसावर ठिणगी पाडत. त्यामुळे जुन्या वाड्यांच्या जागी गारगोटीचे ठोकलेले तुकडे सापडतात. तेही माणसाच्या हातचे, पण अश्मयुगाचे नव्हेत. बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो, त्यातले वक्र पापुद्रे हातकुऱ्हाडीसारखे भासतात. त्यांच्यावर कडेकडून निघालेल्या खुणा नसतात. विस्तवात तापलेल्या गारगोटीतून गोल, बशीसारखे तुकडे उडतात. त्यांना आघातपृष्ठ नसते.

डोळा तयार करण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे खरी हत्यारे पाहणे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय त्यासाठी पाहावे. दुसरा मार्ग, स्वतः दगड फोडून पाहणे. अंगणात, मोकळ्या हवेत, डोळ्यांना गॉगल, हातांना जाड मोजे आणि तोंडाला मास्क लावूनच. सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते. खंबायतमध्ये अकीकाचे मणी घडवणाऱ्या कारागिरांना यामुळेच सिलिकोसिस होतो. फोडलेले तुकडे नदीकाठी टाकू नका. त्यांच्यावर रंग लावून वेगळे ठेवा, नाहीतर उद्या ते दुसऱ्या कुणाची फसगत करतील.

सापडले, आता पुढे?

कॉलेजच्या दिवसांत मी दोन नद्यांच्या काठांवरून पिशवीभर छिलके गोळा केले होते. प्रत्येक तुकडा कुठला ते लक्षात राहील अशी खात्री होती. वर्षभराने ती पिशवी एका जाणत्या अभ्यासकांसमोर ओतली. त्यांनी दोन-तीन छिलके हातात घेतले, काम उत्तम आहे म्हणाले आणि विचारले, हे कोणत्या काठावरचे, कोणत्या थरातले? मला एकाही तुकड्याबद्दल उत्तर देता आले नाही. ते छिलके आजही माझ्याकडे आहेत आणि ते काहीही सांगत नाहीत. ते जिथे पडले होते तिथे पुष्कळ सांगू शकले असते.

जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीचे महत्त्व हेच दाखवते. तिथली हत्यारे ज्वालामुखीच्या राखेच्या थराशी जोडलेली सापडली, म्हणून त्यांच्या वयाचा प्रश्न विचारता आला. राखेच्या वयावर संशोधकांचे वाद झाले, पण तो वाद शक्य झाला तो थराशी असलेल्या नात्यामुळे. थराबाहेर उचललेल्या दगडाबद्दल वादसुद्धा घालता येत नाही.

म्हणून हत्यारासारखे काही दिसले की एवढे करा. आधी आहे तसेच फोटो घ्या, एक जवळून आणि एक आजूबाजूचा परिसर दिसेल असा; शेजारी मोजपट्टी ठेवा. फोनवरून अक्षांश-रेखांश नोंदवा. गाव, शिवार, शक्य असेल तर गट क्रमांक लिहा. तुकडा दरडीत आहे की सुटा पडलेला, कोणत्या थराजवळ, कोणत्या दगडाचा, हे लिहा. हातात घेऊन दोन्ही बाजूंचे फोटो काढले तर परत त्याच जागी ठेवा. खणू नका. पुरातत्त्वीय उत्खनन करायला १९५८ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. विकू नका, विकत घेऊ नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याखाली येते आणि तिचा परवान्याशिवाय व्यापार गुन्हा ठरतो. मग ही नोंद राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाला कळवा. जागेवर वाळूउपसा किंवा बांधकाम चालू असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा.

भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम इथे दगडी हत्यार सापडले. भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास तिथून सुरू झाला असे मानतात. त्याच वर्षी ते अत्तिरंपाक्कम इथेही पोचले. फूट यांनी दगड ओळखला, तो क्वार्ट्झाइट होता, आणि जागाही नीट नोंदवली. म्हणून १९९९ मध्ये पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू आणि त्यांचे सहकारी अत्तिरंपाक्कमच्या त्याच जागी उत्खनन करू शकले, आणि २०११ मध्ये तिथल्या खालच्या थरांचे वय सुमारे १५ लाख वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. फूट आणि पप्पू यांच्यात १३६ वर्षांचे अंतर आहे, आणि ते जोडले गेले एका नोंदीने.

प्रवरेकाठचा तो विटकरी छिलका पाहून झाला की त्याचे मोजमाप वहीत उतरवा, फुगवटा खाली आणि कणा वर अशा मूळ स्थितीत त्याला पुन्हा ठेवा, आणि वहीवर तारीख घाला. उद्या कुणाला त्या काठावर परत यायचे असेल तर पत्ता तुमच्या वहीत असेल आणि छिलका त्याच्या जागी.